कोपराचं गार्ड सरकलं आणि हाड चिरलं: रायडिंग जॅकेट आणि गार्ड कसं निवडावं?

पाऊसवाट

नमस्कार मंडळी.

गेल्या आषाढात ताम्हिणीत गाडी घसरली. पुण्याकडून विळ्याकडे उतरत होतो. एका डाव्या वळणावर डोंगरातून लाल चिखलाचा ओघळ रस्त्यावर आलेला, तो दिसला तेव्हा चाक त्यावर चढलेलं होतं. वेग चाळीसच्या आसपास. गाडी खालून निसटली, मी डाव्या अंगावर पडलो आणि दहाबारा फूट घसरत गेलो. हेल्मेट, हातमोजे, रायडिंग जॅकेट आणि पट्ट्यांनी बांधायचे गुडघ्याचे गार्ड, सगळं अंगावर होतं.

गुडघ्याच्या गार्डच्या प्लास्टिकवर नखाने ओरखडावं तशा खोल रेघा उठल्या, पण खाली गुडघ्याला काहीही नाही. कोपराचं मात्र तसं झालं नाही. कोपराच्या टोकाच्या हाडाला बारीक चीर गेली, तळहाताएवढी कातडी सोलवटली, चार आठवडे प्लास्टर.

घरी आल्यावर बायकोने जॅकेट धुवायला घेतलं आणि बाहीतलं गार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. ते कोरं करकरीत होतं, एक ओरखडा नाही. बाही मात्र त्याच्या शेजारी, तीन बोटं अंतरावर, आरपार फाटलेली. म्हणजे पडताना बाही फिरली, गार्ड कोपराच्या आतल्या बाजूला गेलं आणि रस्त्यावर नुसतं कापड आणि माझं हाड आपटलं. जॅकेट एक साइज मोठं घेतलं होतं, थंडीत आत स्वेटर घालता यावा म्हणून. दुकानदारही म्हणाला होता, थोडं सैलच बरं.

आता नवीन घ्यायचं आहे. रोज ऑफिसला जाऊन येऊन २२ किलोमीटर, महिन्यातून एकदोनदा घाट. बजेट जास्तीत जास्त वीस हजार. प्रश्न असे:

जाळीचं जॅकेट गार्डसकट घ्यावं, की आत घालायचा गार्डवाला शर्ट घेऊन वर कुठलंही जॅकेट चालतं? लेव्हल १ आणि लेव्हल २ मध्ये खरंच फरक पडतो का? आणि पाठीचं गार्ड वेगळं घ्यावं लागतं का? जुन्या जॅकेटच्या पाठीत काहीतरी होतं, पण ते हाताला अगदी हलकं, पॅकिंगच्या फोमसारखं लागत होतं.

---

काळा_चहा

आधी सांगा, हाड पूर्ण जुळलं ना? कोपर सरळ होतंय का?

पाठीतला तो तुकडा पॅकिंगच्या फोमसारखा लागत होता म्हणालात, तो तसाच असण्याची शक्यता मोठी आहे. खांदा आणि कोपराला प्रमाणित गार्ड द्यायचं आणि पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा घालून ठेवायचा, ही जुनीच रीत आहे. खऱ्या गार्डचा खिसा तेवढा मिळतो, गार्ड आपण घ्यायचं.

ओळखायचं कसं? जॅकेटच्या टॅगवर सीई (युरोपातल्या सुरक्षा नियमांचं चिन्ह) छापलंय यावर विसंबू नका. गार्ड खिशातून बाहेर काढा. प्रमाणित गार्डवर त्याचा स्वतःचा ठसा असतो: मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचं छोटं चित्र आणि शेजारी मानकाचा क्रमांक. हातापायांच्या गार्डसाठी ईएन (म्हणजे युरोपीय मानक) १६२१-१, पाठीसाठी १६२१-२, छातीसाठी १६२१-३. मग एक इंग्रजी अक्षर असतं: खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के, खुब्याला एच. पाठीच्या गार्डवर पूर्ण पाठीला एफबी, मधल्या भागाला सीबी. ए किंवा बी असा टाइपही असतो. ए म्हणजे कमी जागा झाकणारं, बी म्हणजे नेहमीचं, ए पेक्षा मोठं. आणि शेवटी लेव्हल. यातलं काहीच नसेल तर दुकानदार काहीही सांगो, ते गार्ड नाही.

आता लेव्हल. प्रयोगशाळेत गार्डवर ५० ज्यूल ऊर्जेचा घाव घालतात. पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून सोडलं की एवढी ऊर्जा होते. गार्डखाली किती जोर पोचला ते मोजतात. हातापायांच्या गार्डमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी जोर पोचला तर लेव्हल १, २० पेक्षा कमी पोचला तर लेव्हल २. पाठीला हेच आकडे १८ आणि ९. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं वजन. म्हणजे लेव्हल १ च्या कोपरातून क्षणभर साडेतीन टनांपर्यंतचा जोर हाडापर्यंत जाऊ शकतो, लेव्हल २ मधून दोन टनांपर्यंतचा. पाठीला तर बरोबर निम्मा होतो. त्यामुळे फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

पण ही चाचणी गार्ड जागेवर घट्ट बसवून होते. तुमच्या कोपराला त्या दिवशी लेव्हल २ असतं तरी ते असंच कोरं निघालं असतं.

आणखी एक गोष्ट बरेच जण मनात उलटी धरतात. वेग ४० असो की ८०, सीटवरून जमिनीपर्यंत पडायची उंची तीच असते. पहिला धक्का त्या उंचीचा बसतो आणि तिथे गार्ड कामाला येतं. वेगाचा हिशेब पुढच्या घसरण्यात होतो, तिथे कापड आणि शिवण टिकावी लागते. झाड, कठडा किंवा ट्रक आडवा आला तर यातलं काहीच पुरत नाही. म्हणून खरेदी करताना दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे: गार्ड कसलं आहे, आणि कापड कसलं आहे.

कापडासाठी ईएन १७०९२ आहे. त्यात एएए सर्वात कणखर, मग एए, मग ए. बी म्हणजे ए एवढंच कापड, पण गार्डशिवाय. सी म्हणजे नुसतं गार्ड धरून ठेवणारं वस्त्र, घसरण्यापासून संरक्षण नाही. तुम्ही म्हणताय तो आत घालायचा गार्डवाला शर्ट सहसा या सी मध्ये येतो. त्यावर साधं विंडचीटर घातलंत तर धक्का झेलला जाईल, पण कातडी जाईल. साध्या जीन्सलाही डांबरावर भोक पडायला सेकंदभर लागत नाही, विंडचीटरचं काय घेऊन बसलात.

वीस हजारांत माझं मत: एए चं जाळीचं जॅकेट, पाठीला लेव्हल २ वेगळं, आणि गुडघ्याचे गार्ड आहेत तेच. मात्र त्यांचं प्लास्टिक कुठे तडकलंय का ते बघा. तडा असेल तर टाकून द्या.

---

हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, महामार्गालगतच्या गावात काम करतो. पावसाळ्यात आठवड्याला चारपाच दुचाकीवाले येतात.

कोपराचं टोक आणि गुडघ्याची वाटी या दोन जागा अशा आहेत की हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच. आपल्या बोटाने दाबून बघा. म्हणून गार्डचा उपयोग तिथे सर्वात स्पष्ट दिसतो. खांद्याचं तसं नाही. खांद्यावर पडलं की जोर हासळीकडे, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाकडे, जातो आणि हासळी मध्येच मोडते. गार्डने खांद्याची कातडी आणि वरचं हाड वाचतं, हासळी वाचेलच असं नाही. पेशंट रागावून विचारतात, डॉक्टर, मी तर गार्ड घातलं होतं! त्यांना हेच समजावतो.

पाठीच्या गार्डबद्दलही स्पष्ट बोलतो. दगडावर किंवा दुभाजकाच्या कडेवर पाठ आपटली, तर ते मोलाचं आहे. पण मणक्याच्या पुष्कळ इजा पाठ वाकल्याने, पिळवटल्याने किंवा डोक्याकडून दाब आल्याने होतात. त्या गार्डने थांबत नाहीत. तरीही ते घ्याच, माझ्या मुलाला मी घेऊन दिलं आहे. फक्त ते घातलं म्हणून वळणावर वेग वाढवू नका.

लोक जखमेला कमी लेखतात म्हणून तेही लिहितो. कातडी सोलवटली की त्यात डांबराची काळी भुकटी आणि खडीचे कण रुततात. ते राहिले तर वर कातडी येते आणि आत कायमचे निळेकाळे डाग राहतात. म्हणून बधिर करून मऊ ब्रशने घासून, मोठे कण चिमट्याने एकेक वेचून काढावे लागतात. परवा एका पोराच्या कुल्ल्यावरून आणि मांडीवरून काढायला पाऊण तास लागला. ऐंशीच्या वेगात फॉर्मल पँट घालून घसरला होता. जॅकेट मात्र महागातलं.

कमरेखालचा भाग लोक विसरतात. गुडघा, नडगी, घोटा. बजेट असेल ते अर्धं खाली खर्च करा. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत. आणि हातमोजे तर हवेतच, पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकतो.

हेल्मेटबद्दल कुणी विचारलं नाही, ते तुम्ही घालताच असं धरून चालतो. आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती.

---

चंद्रपुरी_ऊन

तुम्ही सगळे पुण्या-मुंबईच्या हवेचा विचार करून लिहिताय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मी कृषी सेवा केंद्रांना माल दाखवायला रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडी चालवतो. मागच्या वर्षी जॅकेट घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरोऱ्याच्या अलीकडे चक्कर आली, झाडाखाली अर्धा तास बसलो. तेव्हापासून ते खुंटीला टांगलेलं आहे. मला खरंच घालायची इच्छा आहे, पण उपाय सांगा.

---

काळा_चहा

चंद्रपुरी_ऊन, तुमचा अनुभव अगदी रास्त आहे आणि चक्कर येत असेल तर जॅकेट घालू नका असंच मी म्हणेन. चक्कर येऊन पडणं जास्त वाईट.

पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर मार्ग निघतो. हवा अंगापेक्षा जास्त तापलेली असली की जाळीतून येणारा वारा थंड करत नाही, उलट तापवतो. थंडावा फक्त घाम वाळण्यातून मिळतो, आणि त्या वाऱ्यात घाम इतका झरझर वाळतो की अंगातलं पाणी संपतं. म्हणून आत सुती बंडी किंवा पूर्ण बाहीचा सुती शर्ट पाण्यात भिजवून, पिळून घालायचा. मानेला ओला दुपट्टा. तुमच्याकडची हवा कोरडी, तिथे हे उत्तम चालतं. कोकणात दमटपणामुळे याचा निम्माही उपयोग होत नाही. तासाभराने कापड वाळतं, पुन्हा भिजवायचं. पाणी मीठ-साखर घालून सोबत ठेवायचं.

जॅकेट बघताना जाळी कुठे आहे ते पाहा. छातीवर आणि बाहीच्या पुढच्या बाजूला जाळी आणि खांदा-कोपरावर जाड कापड, अशी रचना हवी. रंग फिकट घ्या. गार्ड भोकाभोकांचं घ्या. तुमच्यासाठी आणखी एक खूण: गार्डवर टी प्लस लिहिलेलं असेल तर त्याची चाचणी ४० अंशांवरही झालेली असते. मऊ गार्ड तापलं की आणखी मऊ पडतं, म्हणून विचारून घ्या. टी मायनस म्हणजे उणे १० ला तपासलेलं, ते लडाखला जाणाऱ्यांनी बघावं.

आणि एवढं करूनही मे महिन्यातल्या दुपारी जॅकेट नाहीच झालं, तर निदान गुडघ्याचे गार्ड आणि हातमोजे सोडू नका.

---

बुलेटवाली

बायकांच्या मापाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मी नाशिकची, उंची पाच फूट एक इंच. पहिलं जॅकेट ‘युनिसेक्स’ म्हणून घेतलं. खांद्याचं गार्ड दंडावर, कोपराचं मनगटाकडे. छातीवर चेन लागेना म्हणून मोठं माप घेतलं, तर कमरेत हवा भरून ते फुग्यासारखं फुलायचं. तीन वर्षं तेच वापरलं, कारण मला वाटायचं की माझ्याच शरीराचं माप चुकीचं आहे.

मग एका मैत्रिणीचं बायकांसाठी बेतलेलं जॅकेट घालून पाहिलं. त्यात खांद्याची रुंदी कमी, छातीला जागा, कमरेला पट्टे, आणि कोपराचं गार्ड बरोबर कोपरावर. तेव्हा कळलं की चूक मापाची नव्हती. मुलींनो, दुकानात असं माप नसेल तर सरळ बाहेर या. ‘घालून घालून सैल होईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुकानात माझी पद्धत अशी: चेन लावायची, कमरेचे आणि दंडाचे पट्टे ओढायचे आणि गाडीवर बसतो तसं बसायचं. हँडल धरल्यासारखे हात पुढे करायचे. मग सोबतच्या माणसाला सांगायचं, कोपराचं गार्ड बाहीवरून मुठीत धर आणि जोरात गोल फिरव. दोन बोटांपेक्षा जास्त फिरलं तर ते जॅकेट माझं नाही. उभं राहून आरशात बघितलं तर सगळीच जॅकेटं छान दिसतात.

आणि पावसाळ्यासाठी आतलं रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर) असलेलं घेऊ नका. अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि ते वजन गार्डला खाली ओढतं. वरून घालायचा रेनसूट बरा.

---

उसवण

नमस्कार. मी लेदर आणि रेक्झिनची शिलाई करतो, कसब्यात वडिलांपासूनचं दुकान आहे. गेल्या सहा-सात वर्षांत रायडिंगची जॅकेटं दुरुस्तीला फार येतात, त्यावरून चार गोष्टी.

जॅकेट फाटतं ते कापडात कमी आणि शिवणीत जास्त. माझ्याकडे पडलेल्या माणसाचं जॅकेट आलं की पहिल्यांदा बाहीची मागची शिवण बघतो. एकेरी टीप असेल तर ती चेन उघडावी तशी पूर्ण उघडलेली असते, कापड शाबूत. घेताना बाही आतून उलटी करा. खांदा, कोपर, बाहीची मागची बाजू इथे दोन किंवा तीन टिपा हव्यात, आणि त्यातली निदान एक आत झाकलेली हवी, म्हणजे रस्ता तिला घासणार नाही. वरवर दिसणारी रंगीत जाड दोऱ्याची टीप शोभेची असते, तिच्यावर जाऊ नका.

दुसरं, गार्डचा खिसा. पुष्कळ जॅकेटांत खिसा फक्त अस्तराला शिवलेला असतो आणि अस्तर बाहेरच्या कापडाला फक्त मनगटाशी जोडलेलं. बाहेरचं कापड रस्त्याला चिकटून एकीकडे जातं आणि अस्तर गार्ड घेऊन दुसरीकडे. पाऊसवाट, तुमचं असंच झालं असणार. सैल माप होतंच, पण त्यात हेही. चांगल्या जॅकेटात कोपराच्या वर आणि खाली बाहीला वेल्क्रोचा किंवा बटणाचा पट्टा असतो, तो ओढला की गार्ड हाताला बांधल्यासारखं होतं. तो नसेल तर मी बसवून देतो, कुठलाही जाणता लेदरवाला देईल. फक्त सुईची भोकं गार्डच्या आत जाता कामा नयेत. गार्ड बाहेर काढूनच शिवायचं.

पँटच्या गुडघ्याचा खिसा वरखाली करता येतो का तेही बघा. बसल्यावर पँट वर सरकते, उभं असताना बरोबर दिसणारं गार्ड बसल्यावर मांडीवर येतं.

धुताना गार्ड काढा आणि काढताना डावं-उजवं, वरचं-खालचं खडूने लिहून ठेवा. माझ्याकडे आलेल्या जॅकेटांत खांद्याचं कोपरात आणि कोपराचं उलटं बसवलेलं नेहमी सापडतं.

---

यारावाट

मेलबर्नहून लिहितोय, मूळ सांगलीचा.

इथे ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलवाल्यांचा संशोधक लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता सुमारे एक पंचमांशाने कमी निघाली, रायडिंग पँट घातलेल्यांची जवळपास निम्म्याने, आणि हातमोजे घातलेल्यांची निम्म्याहूनही कमी. म्हणजे डॉक्टरसाहेब म्हणतात तेच, जॅकेटवर खर्च करून पँट आणि हातमोजे विसरणं चुकीचं. पण त्याच अभ्यासात दहातली जवळपास तीन जॅकेटं अपघातात टिकली नव्हती. उसवण यांनी शिवणीचं लिहिलेलं वाचताना मला तेच आठवत होतं.

त्यानंतर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी मोटोकॅप सुरू झालं. ते जॅकेट, पँट आणि हातमोजे दुकानातून विकत घेतात, प्रयोगशाळेत फाडून तपासतात आणि तारे देतात. संरक्षणाला वेगळे तारे आणि उष्णतेत किती सुसह्य आहे त्याला वेगळे. निकाल कुणालाही फुकट बघता येतात. तुमच्याकडे मिळणारे काही परदेशी ब्रँड त्यात सापडतील. चंद्रपुरी_ऊन यांनी ते उष्णतेचे तारे जरूर बघावेत, विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे.

---

पाऊसवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. हाड जुळलं आहे, कोपर पूर्ण सरळ व्हायला अजून थोडं बाकी आहे.

उसवण दादा, जुनं जॅकेट उलटं करून बघितलं. अस्तर खरंच फक्त मनगटाशी जोडलेलं आहे. बोट घालून गार्ड ढकललं तर ते सहज पाठीमागे जातं. हे मी दोन वर्षं अंगावर घालत होतो.

एक शंका. ऑनलाइन नऊशे-हजार रुपयांत खांदा, कोपर, छाती, पाठ असा पूर्ण जाळीदार सेट दिसतो, वर कडक प्लास्टिक. फोटोत सीई दिसतं. ऑफिसमधल्या दोघांनी घेतला आहे. त्यांना काय सांगू?

---

खडीवाट

मी जंगलवाटांवर गाडी चालवतो, असा सेट वापरून झालाय. छातीवरच्या प्लास्टिकवर मानकाचा क्रमांक बघायला सांगा. तिथे ईएन १४०२१ असेल तर ते उडणाऱ्या खड्यांपासून बचावासाठी आहे, पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडतात त्या. पडल्यावरच्या धक्क्यासाठी ते नाही. छातीच्या धक्क्याचं मानक १६२१-३. दिसायला दोन्ही सारखीच दिसतात.

आणि क्रमांक कुठेच नसेल तर अंगठ्याने दाबून बघा. चांगलं मऊ गार्ड हळू दाबलं तर चिकणमातीसारखं दबतं आणि टेबलावर आपटलं तर एकदम टणक होतं. कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून त्यावर मूठ मारली तर जे होतं, तशातलाच प्रकार. स्वस्त सेटमधला फोम दाबला तरी तसाच आणि आपटला तरी तसाच. अंगठ्याची परीक्षा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण वाईट माल पटकन उघडा पडतो.

तुमच्या ऑफिसवाल्यांना रागावू नका. त्यांनी काहीतरी घालायचं ठरवलंय, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना सांगा की त्याच सेटमधले गार्ड काढून त्या जागी प्रमाणित गार्ड बसतात का बघा, कोपर आणि खांद्यापासून सुरुवात करा, आणि वर घसरणीला टिकणारं जॅकेट घाला.

गार्ड म्हातारं होतं हेही लक्षात ठेवा. कडेने भुगा पडायला लागला, भेगा दिसल्या किंवा एकदा जोरात आपटलं, की बदलायचं. गाडीवर उन्हात टाकून ठेवू नका.

---

काळा_चहा

अंगावर घालायच्या, पडताना फुगणाऱ्या एअरबॅगचा विषय कुणी काढण्याआधी दोन ओळी. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींत २०१८ पासून ती सक्तीची आहे, आणि छाती, हासळी, पाठ यांच्यासाठी गार्डपेक्षा ती जास्त करते. गाडीला दोरी बांधायची यांत्रिक जातही मिळते, पडल्यावर दोरी ओढली जाते, गॅसची नळी फुटते आणि पिशवी फुगते. पण वीस हजारांत बाकी सगळं सोडून ती घेणं मला पटत नाही. आधी कोपर, गुडघे, पाठ, हातमोजे, बूट.

---

चंद्रपुरी_ऊन

काल ओली बंडी, ओला दुपट्टा आणि जाळीचं जॅकेट घालून वरोऱ्याला जाऊन आलो. सकाळी आठला निघालो, अकराला परत. दोनदा बंडी भिजवली. चक्कर नाही. बारानंतर अजून हिंमत नाही, दुपारी फक्त गुडघे आणि हातमोजे. जॅकेट खुंटीवरून उतरलं एवढं कळवतो.

---

पाऊसवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय. शेवटी काय घेतलं ते सांगतो.

चार दुकानं फिरलो. बुलेटवाली ताईंनी सांगितलं तसं प्रत्येक ठिकाणी दुकानाबाहेर आपल्या गाडीवर बसूनच जॅकेट तपासलं. एका दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, बाकीच्यांनी स्वतःहून गार्ड फिरवून दाखवलं. मी कायम एक्सएल घालायचो, लार्जमध्ये कोपर घट्ट बसलं. छातीला थोडं आवळतं, पण हँडलवर वाकलं की ठीक. एए चं जाळीचं जॅकेट, खांदा आणि कोपर लेव्हल २, बाहीला दोन पट्टे. ११,५०० रुपये. पाठीचं लेव्हल २ वेगळं २,४०० ला. जुना फोमचा तुकडा नव्या पाठीच्या गार्डशेजारी ठेवून बायकोला दाखवला. तिने दोन्ही हातात घेतले आणि काही न बोलता फोमचा तुकडा कचऱ्यात टाकला.

उरलेल्या पैशांत घोट्याच्या वर येणारे बूट. पँट पुढच्या महिन्यात. तोपर्यंत गुडघ्याचे जुनेच गार्ड, प्लास्टिक तपासलं, तडा नाही.

पण एक राहिलं. घाटात मागे बायको बसते आणि आजवर ती साधा स्वेटर घालून बसत आली. दोन वर्षं मी गार्ड घालून पुढे आणि ती मागे तशीच, याचा विचार मी हाड मोडेपर्यंत केला नव्हता. तिला बायकांचं जॅकेट मिळालं, खांदे आणि छाती छान बसतात, पण हात आखूड असल्याने कोपराचं गार्ड खाली येतं. दुसरं माप नाही. उसवण दादा, हे दुरुस्त होईल का? खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत तिचं माप ३० सेंटिमीटर आहे, जॅकेटात गार्डचा मध्य ३४ वर येतो.

---

उसवण

होईल. चार सेंटिमीटर म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. खिसा अस्तरावरून काढून वर घ्यावा लागेल आणि खाली एक पट्टा. घरी काही उसवू नका.

वहिनींना घेऊन या, आणि गाडीवरूनच या. मागे बसणाऱ्याचे हात पुढच्यासारखे नसतात. त्या तुमच्या कमरेला धरतात की मागची दांडी धरतात, त्यावर कोपर कुठे येतं ते ठरतं. दुकानासमोर दोघांना गाडीवर बसवून खडूने खूण करतो, मग शिवतो. रविवारी एक वाजेपर्यंत उघडं असतं.

---

पाऊसवाट

दांडी धरते. रविवारी अकराला येतो दोघं.